ओढायचं काय नि बसवायचं किती

अमेरिकेत जून महिन्यातल्या एखाद्या शुक्रवारी दुपारी कुठल्याही हमरस्त्याच्या पुलावर उभं राहून खाली पाहिलं, तर अर्धा देश उरलेल्या अर्ध्या देशाला ओढून नेतोय असं वाटतं. गाडीमागे होडी, गाडीमागे घोडे, गाडीमागे चार मोटरसायकली, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे गाडीमागे घर. पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर असं सगळं असलेलं, चाकांवरचं घर. निसर्गाच्या सान्निध्यात राहायचं म्हणून घर सोडायचं आणि सोडताना ते बरोबर घ्यायचं. महाबळेश्वरला जाताना स्टोव्ह, कुकर आणि दशम्यांचा डबा बांधून नेणाऱ्या आपल्या आधीच्या पिढीला आपण उगाच हसलो. त्यांनी निदान भिंती तरी घरी ठेवल्या होत्या.

ही घरं मुख्यतः इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या गावी आणि त्याच्या आसपास तयार होतात. त्या मुलखात आमिश पंथाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. ही मंडळी स्वतः मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून फिरतात. आणि त्यांतलेच पुष्कळ जण या कारखान्यांत कामाला जातात. म्हणजे ज्यांना मोटारीची गरज नाही ते घर बांधणार, आणि ज्यांना ते हवं आहे त्यांनी ते ओढायला मोटार शोधायची.

ती मोटार म्हणजे आजच्या अमेरिकेत पिकअप ट्रक. चकचकीत, चार दारांचा, नाकाडाची उंची साडेपाच फूट माणसाच्या छातीपर्यंत. मागच्या हौद्यात आयुष्यात कधी वाळूची पाटी पडलेली नाही, पण जाहिरातीत तो डोंगर ओढताना दाखवतात. किंमत विचारू नये. विचारली तर माणूस ती न सांगता महिन्याचा हप्ता सांगतो.

आमच्या साडूंनी मात्र व्हॅन घेतली. जुनी व्हॅन. फोर्ड इकोनोलाइन ई-३५०, २००२ सालची, बारा माणसांची.

साडू मूळचे पुण्याचे. तिथे मेकॅनिकल इंजिनिअर झाले, काही वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात घालवली आणि मग डेट्रॉइटच्या परिसरात आले. डेट्रॉइटमध्ये मराठी इंजिनिअर इतके आहेत, की तिथल्या मंडळाच्या गणपतीत आरतीपेक्षा सस्पेन्शनवर जास्त वेळ बोललं जातं. साडूंनी तिथे उभी हयात मोटारीच्या दाराच्या बिजागऱ्यांची डिझाइनं केली. बिजागरीखेरीज उरलेली मोटार त्यांच्या वाट्याला कधी आलीच नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, की आता पूर्ण गाडी बघायची.

व्हॅन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मारुतीची व्हॅन येते. शाळेच्या पोरांनी गच्च भरलेली, पुढे ओम्नी नाव पडलेली, ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची. तिच्याशी या व्हॅनचं नातं आडनावापुरतंच. हिचं इंजिन ६.८ लिटरचं, दहा सिलिंडरचं. मारुतीची साडेआठ इंजिनं तिच्यात वितळवून ओतावी लागतील. नुसती उभी असताना तिचं वजन सहा हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे पावणेतीन टन. आणि एवढं सगळं असून नाक मात्र आखूड, कारण इंजिनाचं निम्मं धड केबिनच्या आत, चालक आणि शेजारचा माणूस यांच्या मधोमध येऊन बसलेलं असतं. वरून प्लास्टिकचं मोठं झाकण. पूर्वी मॅटाडोरमध्ये पुढे बसून ज्यांनी लग्नाची वऱ्हाडं गाठली आहेत त्यांना ही ऊब ओळखीची वाटेल. मागचे स्पार्क प्लग बदलायचे तर बॉनेट उघडून भागत नाही. आत बसून, झाकण काढून, गालिच्यावर गुडघे टेकून ते काम करावं लागतं. मिशिगनच्या जानेवारीत ही सोय आहे, असं साडूंचं म्हणणं. बाहेर उणे पंधरा असताना हीटर लावून इंजिन दुरुस्त करता येतं, ही गोष्ट त्यांनी मला इतक्या अभिमानाने सांगितली, की मलाही क्षणभर आपण पुण्यात काहीतरी गमावतोय असं वाटलं.

या व्हॅनचंही एक वैभवाचं युग होतं. इकोनोलाइन पहिल्यांदा १९६१ सालचं मॉडेल म्हणून आली तेव्हा इंजिन पूर्णच माणसांच्या मध्ये होतं. १९७५ मध्ये तिला ट्रकसारखी वेगळी चौकट मिळाली आणि ती खऱ्या अर्थाने ओढण्याच्या लायकीची झाली. त्या दशकात तरुण पोरांनी व्हॅनच्या आत झिपरा गालिचा लावला, बाहेर ड्रॅगनची चित्रं काढली आणि आईबापांची झोप उडवली. पुढे त्याच पोरांना पोरं झाली. मग व्हॅनमध्ये पडदे आले, मखमली खुर्च्या आल्या, मागचा सोफा पाडला की पलंग होऊ लागला, छोटा टीव्ही आला, आणि तीच व्हॅन सगळ्या कुटुंबाला घेऊन मागे कॅम्पर, म्हणजे ते चाकांवरचं घर, ओढू लागली. नंतर पिकअपला मागची दोन दारं फुटली, कातडी गाद्या आल्या, आणि लोक व्हॅन सोडून तिकडे गेले. २०१४ मध्ये फोर्डने इकोनोलाइनची माणसांची आणि मालाची बंद व्हॅन बनवणं थांबवून तिच्या जागी ट्रान्झिट आणली. आता इकोनोलाइनची नुसती पुढची केबिन आणि चौकट निघते. तिच्यावर कुणी रुग्णवाहिका बांधतं, कुणी फिरतं घर. शेव्हरोलेची एक्सप्रेस मात्र १९९६ पासून त्याच अंगाने अजून निघते आहे. तिचं तोंड मधे एकदा धुतलं होतं म्हणतात.

जुनी व्हॅन मिळते ती तीन ठिकाणी: प्लंबरकडे, विमानतळाजवळच्या हॉटेलात किंवा चर्चमध्ये. प्लंबरची घेऊ नये, तिने आयुष्यभर पाइप वाहिलेले असतात. हॉटेलची घेऊ नये, तिचं इंजिन रात्रंदिवस दारात उभ्या उभ्या चालू असतं. चर्चची घ्यावी. ती आठवड्यातून एक दिवस चालते, सावकाश चालते, आणि आतली माणसं भजनं म्हणत असतात. आणि मिशिगनमधली तर मुळीच घेऊ नये, कारण तिथे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ ओततात आणि ते मीठ गाडी खालून खात येतं. साडू त्यासाठी केंटकीपर्यंत गेले. तिथल्या एका चर्चची व्हॅन, खालून कोरी करकरीत. इंजिन त्यांनी नंतर पाहिलं. आधी दारं उघडून बिजागऱ्या पाहिल्या.

चर्चच्या नावाची अक्षरं खरवडून काढलेली होती, पण त्याखालचा रंग इतकी वर्षं उन्हापासून झाकलेला असल्याने तिरप्या उन्हात नाव अजून स्वच्छ वाचता येतं. ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीने, त्यावर ‘गणपती बाप्पा मोरया’चं स्टिकर लावलं आहे. सकाळी आमची व्हॅन हिंदू असते, आणि संध्याकाळी पाच वाजल्यानंतर बॅप्टिस्ट.

वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेने आठवड्यात पत्र पाठवलं: व्यवसायाची वाहनं अंगणात उभी करू नयेत. साडूंनी उत्तर धाडलं, की हे व्यवसायाचं वाहन नसून धार्मिक वाहन आहे. उलट पत्र आलेलं नाही. ही भाषा त्यांना समजली असावी, किंवा त्यांनी पाच वाजता येऊन पाहिलं असावं.

आता मुद्द्याचं. या व्हॅनला किती ओढवतं? योग्य इंजिन आणि योग्य ॲक्सल असेल तर दहा हजार पौंडांपर्यंत, असं कागद म्हणतो. साडेचार टन. पण ओढण्याच्या आकड्याचं हे स्थळाच्या माहितीपत्रकासारखं आहे: त्यातली प्रत्येक ओळ खरी असते, फक्त सगळ्या ओळी एकाच वेळी खऱ्या नसतात. आत चालक एकटा, सडसडीत, टाकीत पेट्रोल बेताचं, रस्ता सपाट, आणि सासुरवाडीकडचं कुणी नाही, अशा स्थितीतला तो आकडा.

खरी मेख वेगळीच आहे आणि ती जाहिरातीत नसते. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर बसत नाही. दहा ते पंधरा टक्के वजन पुढच्या टोकातून गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जिथे अडकवतात त्या जोडावर, येतं, यायलाच हवं, आणि ते गाडीने वाहायचं असतं. ओढायचं नव्हे, वाहायचं. साडूंचा कॅम्पर भरल्यावर सात हजार पौंडांचा. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पावणेनऊशे. आजच्या चकचकीत पिकअपला दहा हजार पौंड ओढता येतात हे खरं, पण तिच्या अंगावर एकूण वजन चालतं पुष्कळदा पंधराशेच्या आसपासच. कातडी गाद्या, काचेचं छप्पर, आपोआप बाहेर येणारी पायरी यांनी बाकीचं आधीच खाल्लेलं असतं. पंधराशेतून पावणेनऊशे गेले. वजन पुढच्या चाकांवर वाटून देणारी जी लोखंडी हिच लागते तिचे शंभर गेले. राहिले सव्वापाचशे. त्यात चार माणसं, नाश्ता न केलेली.

आणि आमची व्हॅन? जन्मच मुळी बारा माणसं बसवायला झालेला. तिला एकूण नऊ हजार पौंडांपर्यंत चालतं, रिकामी ती सहाच्या आतबाहेर. म्हणजे जवळजवळ तीन हजार पौंड शिल्लक. पिकअपवाला ताकद दाखवतो. व्हॅन माणसं मोजते. एकत्र कुटुंबासाठी याहून योग्य ओढणारी गाडी अमेरिकेने बनवली नाही, आणि ज्या देशात एकत्र कुटुंबच नाही तिथे ती बनली हे त्याहून मोठं आश्चर्य.

बाराऐवजी पंधरा माणसांची का नाही घेतली, असं मी विचारलं. विचारायला नको होतं असं कुणी म्हणेल, पण मला ते ऐकायचं होतं. साडूंनी जेवणाच्या टेबलावर डाव, वाटी आणि लिंबाची फोड मांडली. पंधरावाली व्हॅन वीस इंचांनी जास्त लांब असते, पण चाकांमधलं अंतर तेवढंच, १३८ इंच. ती वीस इंचं सगळी मागच्या चाकांच्या मागे. म्हणजे हिच चाकापासून आणखी लांब गेली, आणि ट्रेलरने जरा शेपूट हलवलं की त्याला तरफ जास्त मिळाली. हे सांगताना त्यांनी डावाचा दांडा हलवला आणि लिंबाची फोड सासूबाईंच्या ताटात गेली. “कळलं,” सासूबाई म्हणाल्या. त्या लिंबू घेतच होत्या.

सासूबाई म्हणजे आमच्या समाईक सासूबाई. मुक्काम सदाशिव पेठ, उन्हाळ्यापुरत्या अमेरिकेत. आम्ही दोघे नवराबायको त्यांना घेऊनच आलो होतो. तर साडू, ताई, त्यांचा मुलगा, सून, नातू, आम्ही दोघे आणि सासूबाई, असे आठ जण. शेवटचं बाकडं काढून तिथे सामान. मिशिगनच्या उत्तर भागात जायचं, तिथला पाच मैलांचा मॅकिनॉ पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या जंगलात तळ ठोकायचा, असा बेत.

सामान भरण्याबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे, की कॅम्परच्या माहितीपत्रकात ‘कोरडं वजन’ नावाचा एक आकडा असतो. त्यात पाणी नसतं, गॅसच्या टाक्या नसतात, बॅटरी नसते. जो माणूस कधीच कुठे जाणार नाही त्याच्या कॅम्परचं ते वजन असतं. आमच्याकडे सासूबाईंनी पहिली सूचना केली ती पाणी भरून घेण्याची. चाळीस गॅलनची टाकी. “तिथे नळ असतो, आई,” साडू म्हणाले. “असतो हो, पण यायला पाहिजे ना,” सासूबाई म्हणाल्या. एक गॅलन पाणी आठ पौंडांच्या वर भरतं. सव्वातीनशे पौंड पाणी आम्ही पंचमहासरोवरांच्या प्रदेशात घरून भरून नेलं.

मग तांदूळ, डाळ, कणीक, दोन कुकर, मंडळाच्या सहलीचं मोठं पातेलं, पाण्याच्या बाटल्यांची खोकी (हो, टाकी भरून), घडीच्या खुर्च्या आणि एक पाटा. पाट्याबद्दल कुणी काही बोललं नाही. तो सासूबाईंचा होता. ताईंनी हे सगळं कॅम्परच्या मागच्या बाजूला, दाराशी, हाताला लागेल असं रचलं. मागच्या बंपरवर नातवाची आणि त्याच्या बापाची सायकल.

वजन करायला ट्रकवाल्यांच्या पेट्रोल पंपावर काटा असतो. तीन लोखंडी फरश्या: पुढची चाकं एकीवर, मागची दुसरीवर, ट्रेलर तिसरीवर. पण साडूंना आधी कागदावर हिशेब हवा होता, म्हणून त्यांनी निघण्यापूर्वी प्रत्येकाला वजन विचारलं. माझी बायको म्हणाली, “घाल एकशे तीस.” सून म्हणाली, “सेम.” ताईंनी लग्नातलं सांगितलं. मुलाने व्यायामशाळेत नाव घालण्याच्या दिवशीचं न सांगता त्यानंतर जे व्हायचं होतं ते सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “माझं लिहू नका. मी धरून बसते.”

काट्यावर चढलं की एका खांबावरचं बटण दाबून आतल्या बाईशी बोलायचं. बटण ट्रकच्या खिडकीच्या उंचीला असतं. साडू सीटवर उभे राहिले.

“पहिलं वजन की फेरवजन?” आवाज आला.

“पहिलं.”

“कंपनीचं नाव?”

साडूंनी मागे पाहिलं. सहा चेहरे, पातेल्याचं झाकण, पडद्यामागे तुळशीची कुंडी. “खासगी,” ते म्हणाले.

“ट्रक नंबर?”

“एक सांगा,” सासूबाईंनी सुचवलं. “शुभ असतो.”

चिठ्ठी आली. साडूंनी गणित केलं, पुन्हा केलं, पेट्रोल वजा केलं, बर्फाची पेटी अंदाजाने धरली. कागदावरच्या माणसांपेक्षा गाडीत बसलेली माणसं दोनशे पौंडांनी जड होती. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. इतकी वर्षं एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या नजरेत एवढा अविश्वास मी फक्त वाटणीच्या वेळी पाहिला आहे. “पेटीत बर्फ जास्त झालं असेल,” साडू म्हणाले. ते बिजागऱ्या करत आले आहेत; दार कुठे आवाज करेल हे त्यांना कळतं.

चिठ्ठीत दुसरीही एक गोष्ट होती. व्हॅनच्या मागच्या चाकांवर जेवढं वजन यायला हवं तेवढं आलं नव्हतं. कॅम्परचा पुढचा भाग हलका, मागचा जड. “हे सामान पुढे घ्यावं लागेल,” साडू हळूच म्हणाले. “आता? सगळं? उतरवून?” ताई म्हणाल्या. तीनही शब्दांवर वेगवेगळा जोर होता. आम्ही निघालो.

पुढच्या सीटवर मी. माझ्या डाव्या पायाशी इंजिन. आय-७५ हा हमरस्ता फ्लोरिडातून निघून मिशिगनच्या उत्तर भागात कॅनडाच्या सीमेपर्यंत जातो, आणि त्या दिवशी तो सगळा आमच्या पुढेच आहे असं वाटत होतं. साडू ताशी साठ मैलांवर. कॅम्परच्या टायरांवर वेगमर्यादा असते, बहुधा पासष्टची. ती कुणी वाचत नाही. साडूंनी ती फोटो काढून फ्रेम केली नाही एवढंच. पुण्याहून मेव्हण्याचा व्हिडिओ कॉल आला. व्हॅन पाहून त्याने पहिला प्रश्न जो विचारायचा तोच विचारला, “ॲव्हरेज किती देते?” साडू म्हणाले, “टाकी पस्तीस गॅलनची आहे.” “ते नाही, ॲव्हरेज.” “एकशे बत्तीस लिटर बसतं.” “लिटरला किती?” साडूंनी बोगदा आला असं सांगितलं. त्या रस्त्यावर बोगदा नाही. लिटरला साडेतीन किलोमीटर हे सत्य पुण्याच्या माणसाला फोनवर सांगण्यासारखं नसतं. त्याच्याजवळ कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

मग एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला. आधी त्याच्यापुढची हवा कॅम्परला बाहेर ढकलते, मग तो गेला की आत ओढते. पुढून जड असलेला कॅम्पर हे सोसतो. आमचा मागून जड होता. तो आधी थोडा उजवीकडे गेला, मग जास्त डावीकडे, मग त्याहून जास्त उजवीकडे, आणि चौथ्या वेळी व्हॅनचं बूडही त्याच्याबरोबर निघालं. अशा वेळी ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि डॅशबोर्डखाली जी एक छोटी डबी असते तिची कळ बोटाने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे मागचा पुढच्याला मागे खेचतो आणि दोघे एका रेषेत येतात. साडूंनी तसंच केलं. मला हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी मी इंजिनाच्या झाकणाला मिठी मारली होती. मागून रामरक्षा सुरू झाली होती ती ‘विनियोगः’पर्यंत पोचेपर्यंत गाडी सरळ झालीसुद्धा. सासूबाईंनी तरीही ती पूर्ण केली. अर्धवट सोडायची नसते.

पुढच्या विश्रांतिस्थळी सगळं उतरवलं. तांदूळ पुढे, डाळ पुढे, खोकी पुढे, सायकली व्हॅनमध्ये. पाणी साडूंनी टाकीची तोटी उघडून सोडून दिलं, सासूबाई तेव्हा स्वच्छतागृहात होत्या, आणि परत आल्यावर ओल्या डांबराकडे बघून म्हणाल्या, “पाऊस पडून गेला वाटतं.” पाटा कुठे ठेवायचा यावर मतभेद झाले. शेवटी तो बरोबर हिचच्या वर, पुढच्या कपाटात गेला, आणि त्यानंतर कॅम्परने मान वर केली नाही. साडू अजून म्हणतात, की बाजारात शेकडो डॉलरची जी शेपूट-आवर यंत्रं मिळतात त्यांत पाट्याची सर कशालाच नाही.

मॅकिनॉचा पूल १९५७ साली खुला झाला. मिशिगन आणि ह्युरॉन या दोन सरोवरांच्या मधोमध, मध्यावर पाण्यापासून दोनशे फूट उंच. वारा फार झाला तर उंच गाड्या आणि ट्रेलर यांना पुलाची माणसं पुढे गाडी घालून ताशी वीस मैलांनी नेतात. पूल वाऱ्याने बाजूला सरकावा अशीच त्याची रचना आहे, हे साडूंनी सांगितलं; ते न सांगताही चाललं असतं. आतली मार्गिका नुसती लोखंडी जाळीची, खाली बघितलं तर पाणी. टोल ॲक्सलवर: गाडीचे दोन, कॅम्परचे दोन. सासूबाईंना हे पटलं. “माणशी नाही ना घेत,” त्या म्हणाल्या, “मग स्वस्त आहे.” आम्ही बाहेरच्या डांबरी मार्गिकेतून गेलो. वारा बेताचा होता. व्हॅनने तो आपल्या अंगाच्या सगळ्या सपाट पत्र्यावर घेतला आणि गुमान चालत राहिली. शेजारून एक पिकअप मोठा कॅम्पर घेऊन गेली; तिची मागची चाकं इतकी दबली होती, की पुढचे दिवे आभाळाकडे बघत होते.

तळावर पोचल्यावर खरा खेळ. झाडांमधल्या अरुंद जागेत कॅम्पर उलटा घालायचा. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो. म्हणून स्टिअरिंगच्या तळाला हात धरायचा आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात न्यायचा. हे ऐकायला सोपं आहे. आजूबाजूचे अमेरिकन मात्र खुर्च्या वळवून, शीतपेय उघडून बसतात, कारण संध्याकाळी तिथे दुसरी करमणूक नसते. त्यांच्यात बायको मागे उभी राहून हातवारे करते, नवरा आरशात तिला शोधतो आणि दोघे रात्री वेगवेगळे झोपतात. आमच्याकडे मी होतो. मी व्हॅनच्या पत्र्यावर थाप मारली आणि आपल्या ट्रकच्या क्लीनरच्या आवाजात सुरू केलं, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… डाव्या अंगाला… येऊ द्या… बास!” ‘बास’ला दोन थापा. कॅम्पर एका खेपेत जागेवर. खुर्च्यांतून टाळ्या आल्या. एक बाई येऊन सुनेला म्हणाली, की तुमच्या चर्चमध्ये प्रार्थना फार जोशात होते वाटतं. पाच वाजून गेले होते.

शेजारच्या जागेत तीच पिकअप उभी होती, आभाळाकडे बघणारी. मालक मोकळा माणूस, बरोबर बायको, तीन पोरं, बापाच्या वयाचे एक गृहस्थ आणि एक कुत्रा, तोही किरकोळ नव्हे. व्हॅनभोवती एक फेरी मारून, टायरला पायाने ठोकून, तो जरा दयेने साडूंना म्हणाला, “जुनी आहे. ओढते का?”

साडू नम्रपणे काही म्हणणार, तेवढ्यात सासूबाई खुर्चीतून उठल्या. सबंध रस्ताभर त्यांनी दोन जावयांचं बोलणं ऐकलेलं होतं. त्या सरळ त्या पिकअपच्या चालकाच्या दारापाशी गेल्या, दारावर बोटाने टकटक केलं आणि त्या माणसाला इंग्रजीत विचारलं, “पेलोड किती?”

तो गोंधळला. मग त्याने दार उघडलं. दाराच्या चौकटीवर अलीकडच्या गाड्यांत एक पिवळी-पांढरी पट्टी असते. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांवर जाऊ नये ते तिच्यावर लिहिलेलं असतं. त्याने ती बहुधा पहिल्यांदाच वाचली. चौदाशे आणि वर काही.

सासूबाईंनी त्याच्या कॅम्परकडे पाहिलं. मग त्याच्याकडे, त्याच्या बायकोकडे, तीन पोरांकडे, म्हाताऱ्या गृहस्थांकडे. कुत्र्यापाशी त्या जरा थांबल्या. ओठ हलत होते, बोटांची पेरं मोजली जात होती. बायकोचं वजन त्यांनी तिला न विचारता धरलं.

“नाही बसत,” त्या आम्हाला मराठीत म्हणाल्या. “त्या आजोबांना म्हणावं, परतताना आपल्यात या. आणि कुत्रा पुढे बसेल, पाट्याशेजारी.”